तीन नंबरच्या गाण्यातली थांबायची जागा

भोपाळहून परत येऊन तीन आठवडे झाले. शेजारचे, कॉलेजातले, गाण्यातले, जो भेटेल तो विचारतो, "काय, कसं झालं भोपाळ?" आणि मी म्हणतो, "मस्त! तलाव काय मोठा आहे हो!" तलाव मोठा आहेच, त्यात खोटं काही नाही. पण खरं सांगायचं तर मी तो धड पाहिलेलासुद्धा नाही. रिक्षातून जाताना डावीकडे पाणी दिसलं, तेवढंच. तलावाचं नाव काढलं की पुढचे प्रश्न टळतात, म्हणून आपला तलाव तलाव करत बसलोय. आज एकदाचं सगळं लिहून काढतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी केदार, पुण्यात कॉलेजात गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात सॅक्सोफोन वाजवतो. आमचा चौघांचा गट आहे. रोहिणी, फिरोज, सुमित आणि मी, चौघंही सॅक्सोफोनवालेच. तबला नाही, ड्रम नाही, गाणारं कोणी नाही. फिरोजचा सॅक्सोफोन सगळ्यात मोठा, खालच्या सुरांचा, तो ताल धरतो आणि आम्ही तिघं वर जॅझच्या अंगाने खेळतो. चार-पाच वर्षांपूर्वी मला जुन्या बाजारात एक कॅसेट मिळाली. भोपाळचे गिटारवादक श्रीकांत पुराणिक, रॉक म्युझिक, हिंदी गाणी. कारखान्यात नोकरी करणाऱ्या मित्रांनी मिळून जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी केलेली ही एकुलती एक कॅसेट. ऐकली आणि मी वेडाच झालो. त्यातली आठही गाणी आम्ही चार सॅक्सोफोनवर बसवली. पुराणिकांचा नंबर शोधून फोनवर परवानगी मागितली. "बेशक वाजवा," एवढंच म्हणाले. मीही जास्त काही विचारलं नाही. गाणारा कोण, हेसुद्धा विचारलं नाही.

कॅसेटवर गाण्यांची नावं पुसली गेली होती, म्हणून आम्ही नंबरांनीच ओळखतो. त्यातलं तीन नंबर म्हणजे आमचं हुकमी गाणं. त्याच्या ध्रुवपदात प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी गाणारा थांबतो. चांगला अडीच मात्रा थांबतो. गिटारचा सूर तसाच वाजत राहतो, आणि मग तो शब्द येतो. मला वाटलं, काय डोकं आहे! केवढी नाट्यमय जागा! मग मी तिथे एक गंमत बसवली. त्या जागी आम्ही चौघं एकदम थांबायचं, वाद्य तोंडातून काढायचं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा 'हाऽऽ' करून मोठ्ठा श्वास ओढायचा, फिरोजने मनगटावरचं घड्याळ बघायचं, आणि मग शेवटचा सूर. पुण्यात ह्या जागेला लोक हसून हसून बेजार होतात. दुसऱ्या ओळीपासून प्रेक्षकही 'हाऽऽ' करायला लागतात. आमचं जे काही थोडंफार नाव झालंय ते ह्या 'हाऽऽ'मुळेच, हे मी आता लाजेने कबूल करतो. तेव्हा मात्र कॉलर ताठ करून सांगत होतो.

शुक्रवार, जवाहर चौक

भोपाळच्या मराठी मंडळींनी कार्यक्रम ठेवला होता, पुराणिकांच्याच गावात पुराणिकांची गाणी. गाडीचा प्रवास सोडून देतो, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच उशिरा येतात. उतरलो तर फिरोजच्या सॅक्सोफोनची बोटाने दाबायची एक चावी वाकलेली. कोणीतरी त्या पेटीवर आपली गोणी टाकली असणार. त्या चावीशिवाय खालचा सूर निघेना, आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी.

"जवाहर चौकात जाऊन बघा ना," यजमान म्हणाले. "तिकडे बँडवाल्यांचं काम करणारा एक आहे, होऊन जाईल."

होऊन जाईल! हे दोन शब्द भोपाळात मी इतक्यांदा ऐकले की शेवटी माझाही विश्वास बसला. चौकात कपड्यांची, भांड्यांची, मोबाइलची दुकानं, आणि मधल्या एका चिंचोळ्या जिन्याखाली लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा. भिंतीवर पितळी तुताऱ्या, खाली स्टोव्हवर पितळ सांधायला डाख लावायचा लोखंडी ठोकळा तापत ठेवलेला. फिरोजचं वाद्य त्यांनी मांडीवर घेतलं, चावी अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "बारात में बजाते हो?"

"नाही, जॅझ वाजवतो," मी जरा तोऱ्यातच म्हणालो. मराठीतच म्हणालो, त्यांना समजायचं ते समजलं.

"वो क्या, बैठ के बजाते हैं?"

"उभं राहून."

"तो फिर एक ही बात है," ते म्हणाले आणि चावी सरळ करून, खाली नवीन बूच बसवून दिलं. फिरोज खो खो हसला. मला मात्र राग आला होता, हे लिहायला हवं. लग्नाच्या बँडवाल्याने आपल्याला त्याच्या पंगतीला बसवलं म्हणून एका गणिताच्या प्राध्यापकाला राग आला. नंतर जे झालं त्याच्यापुढे ही लाज काहीच नाही, पण सुरुवात तिथून झाली.

शनिवार सकाळ, सोनागिरी

सकाळी पुराणिकांकडे नाश्त्याला बोलावलं होतं. बाकीचे तिघं हॉलवर आवाज तपासायला गेले आणि मी एकटाच सोनागिरीला गेलो. कारखान्याच्या वसाहतीला लागून असलेला हा भाग. सरळ रस्ते, कडुनिंबाची मोठमोठी झाडं, ड्यूटी संपवून सायकलीवरून परतणारी माणसं. निवृत्त झाल्यावर पुराणिकांनी इथेच छोटं घर बांधलंय. दारात स्वतः उभे होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, बोटांची पेरं सुजून गाठाळलेली. गिटार आता वाजवता येत नाही, हे ती बोटं बघूनच कळलं.

"या, या. त्रास नाही ना झाला? ऑटोवाल्याने बराबर आणलं?"

काकूंनी पोहे आणले. आमच्या पोह्यांवर ओलं खोबरं, इथे बडीशेप, वरून मूठभर शेव आणि शेजारी गरम जिलेबी. तिखटाबरोबर गोड, एकाच ताटलीत! मी जरा भुवया उंचावल्या असाव्यात, कारण काकू लगेच म्हणाल्या, "इकडे असंच खातात. खाऊन तर बघा, मग बोला." खाल्लं, आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पुराणिकांनी कपाटावरून गिटार काढून दाखवली. गिटारचा आवाज विजेवर चढवण्यासाठी तारांखाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी बसवतात. ती त्यांनी घरी, हाताने गुंडाळली होती. कारखान्यात त्यांचं कामच ते होतं, मोठमोठ्या विजेच्या मोटरींच्या गुंडाळ्या करण्याचं. "विकत कुठे मिळायचं तेव्हा? आणि मिळालं तरी पैसे कुणाकडे? मतलब, जे येत होतं त्यातूनच केलं," ते म्हणाले. मी त्यांना आमचं पाच नंबर मोबाइलवर ऐकवलं. गिटारची तार खेचून ते सूर वर नेतात, ती जागा रोहिणी नुसत्या ओठांनी करते. त्यांनी ती तीनदा ऐकली. "हे तोंडाने? बिना तार?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मी खूशच झालो. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण नाही. मला आणखी शाबासकी हवी होती. "आता खरी मजा बघा काका," असं म्हणून मी तीन नंबरचा व्हिडिओ लावला. पुण्यातला कार्यक्रम, भरलेलं सभागृह. पहिली ओळ, थांबलो, 'हाऽऽ', फिरोजचं घड्याळ, हशा. दुसरी ओळ, अख्खं सभागृह 'हाऽऽ', टाळ्या, शिट्ट्या. मी व्हिडिओ न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, ते केव्हा हसतात त्याची वाट बघत. ते हसले नाहीत. शेवटपर्यंत पाहिलं, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "चांगली साफ रेकॉर्डिंग आहे." आणि उठून कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेले.

मला वाटलं, जुनी माणसं, विनोद कळला नसेल. असं मला खरंच वाटलं. मी ताटल्या उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि काकूंना म्हणालो, "काकांना आवडलं नाही वाटतं?"

काकू जिलेबीचा पाक निथळवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही का? तो गणेश भाऊजींचा दम आहे."

"म्हणजे?"

"गाणारे ते. ह्यांच्याबरोबर कारखान्यात होते. तेव्हा राहायचे स्टेशनच्या बाजूला, गॅसमध्ये सापडले. त्याआधी त्यांचा आवाज कुठल्या कुठे जायचा, एका दमात अख्खा अंतरा म्हणायचे. नंतर ओळ पुरी होईना. गाणं सोडून दिलं होतं त्यांनी. हे रोज त्यांच्या घरी जाऊन बसायचे. म्हणाले, तुझा दम जिथे संपेल तिथे थांब, मी तार सोडत नाही, तुला पाहिजे तितका वेळ घे. असं करून करून ती गाणी झाली." मग त्यांनी मला विचारलं, "आणखी देऊ एक जिलेबी?"

ताटली माझ्या हातात होती. ती कुठे ठेवायची तेच मला सुचेना. मी स्वतः श्वासावर वाजवणारा माणूस! दम म्हणजे काय हे मला कळायला नको? शंभरदा ती कॅसेट ऐकली, त्या अडीच मात्रा घड्याळ लावून मोजल्या, कागदावर लिहिल्या, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की तिथे एक माणूस हवा शोधतोय. आलं ते काय, तर घड्याळ बघायचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर गेलो तर पुराणिक अजून कुंड्यांपाशीच होते. मी म्हणालो, "काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"हो ना, कसं माहीत असेल," ते म्हणाले. खरोखर समजुतीने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मग पाइप बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. "गणेश संध्याकाळी येऊन राहिलाय प्रोग्रामला. आठ दिवसांपासून तयारी चालू आहे त्याची. कुठे जात नाही तो, जिने चढवत नाहीत. तर त्याला हे दाखवू नका. बस, एवढंच."

शनिवार संध्याकाळ, हॉल

हॉलवर पोचल्यावर मी तिघांना सांगितलं, "तीन नंबरमधली गंमत आज नको."

"का रे? तेच तर लोकांना आवडतं," सुमित म्हणाला.

"इथे नको. सरळ थांबायचं, वाद्य तोंडातच ठेवायचं. फिरोज, तू तेवढा थांबू नकोस, खालचा सूर धरून ठेव."

"झालं काय पण?" रोहिणीने विचारलं.

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. तीन माणसं, रोजची, जिवाभावाची. पण ती कल्पना माझी होती, तिच्यावर मिरवलो होतो मी, आणि आपण काय करून बसलो होतो हे त्यांच्यासमोर तोंडाने उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. "काकांना आवडत नाही ते," असं म्हणून मोकळा झालो. सगळं पुराणिकांच्या अंगावर ढकललं. फिरोज म्हणाला, "म्हातारे लोक, यार," आणि मी मान हलवली. चक्क मान हलवली!

सहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. हॉल गच्च भरला नव्हता, पण होते ते सगळे जीव लावून ऐकणारे. गंमत म्हणजे आमच्याकडे कार्यक्रमाला येताना लोक नुसते येतात, इथे निम्म्या बायका डबे घेऊन आल्या होत्या, मध्यंतरात आम्हाला खायला घालायला. पहिल्या रांगेत पुराणिक आणि काकू, आणि त्यांच्याशेजारी इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस. खिशात श्वासाचं औषध ओढायची ती छोटी निळी नळी. गणेशजी हेच, हे कोणी सांगायची गरज पडली नाही.

तीन नंबर मध्यंतरानंतर होतं. ध्रुवपद आलं, पहिली ओळ, आम्ही तिघं थांबलो. फिरोजचा खालचा सूर एकटाच चालू राहिला. मी पुण्यात सवयीने ज्या हशाची वाट बघतो तो आला नाही. सगळा हॉल गप्प होता. त्या गप्पपणात मी पहिल्या रांगेकडे पाहिलं तर गणेशजींची छाती वर आली, ओठ हलले, आणि त्यांच्याबरोबर आम्ही शेवटचा सूर वाजवला. मला मोजावं लागलं नाही. चारही ओळींना तसंच. फिरोजसुद्धा माझ्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होता. कधी नव्हे इतकं चांगलं वाजलं ते गाणं, आणि ते चांगलं वाजण्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजपाशी आले. चार पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. मी खाली उतरायला निघालो तर हाताने थांबवलं, वर आले आणि माझे दोन्ही हात धरले.

"मी गणेश शेवडे. तुम्ही माझं मोठं काम केलं भई." जरा थांबले. "रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, ह्या मधल्या जागा कापून टाकतो, टेप जोडून देतो, कुणाला कळणारपण नाही. श्रीकांत अडून बसला, म्हणे कापशील तर कॅसेटच नको. मला वाटायचं, कापलं असतं तर बरं झालं असतं. लोकांना काय वाटत असेल, असं. मी तर ते ऐकतच नव्हतो." पुन्हा थांबले. "आणि तुम्ही लोकांनी, मला न ओळखता, ती जागा तशीच ठेवली. गाणारा नाही, तरी ठेवली."

पुराणिक त्यांच्या मागे उभे होते. त्या माणसाने हात सोडले असते तर मी पळून गेलो असतो.

"एक विचारू?" गणेशजी म्हणाले. "पुण्यात, त्या जागी लोक काय करतात?"

सत्तरीचा माणूस, पण लहान मुलासारखं विचारलं. मी पुराणिकांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"शांत होतात," मी म्हणालो. "एकदम शांत. आजच्यासारखेच."

"सच्ची?" त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "मग मी येतो पुण्याला. पुढचा प्रोग्राम कधी आहे? मला एकदा ते बघायचंय. मतलब, जे मला ओळखत नाहीत, ते लोक थांबतात, हे."

पुढच्या महिन्यात आहे, असं सुमितने मोठ्या उत्साहाने तारखेसकट सांगून टाकलं. मी त्याला अडवू शकलो नाही.

रविवार

सकाळी पुराणिक स्टेशनवर सोडायला आले. काकूंनी वाटेसाठी पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लिंबाचं लोणचं दिलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला दारातूनच अच्छा करतात, फार तर जिन्यापर्यंत येतात. हा माणूस सुजलेल्या बोटांनी फिरोजची पेटी एका बाजूने उचलत प्लॅटफॉर्मपर्यंत आला. बाकीचे सामान लावायला आत गेले तेव्हा आम्ही दोघंच खाली उरलो.

"काका, तुम्ही सांगितलं होतं म्हणून..." मी सुरुवात केली.

"मी दाखवू नका म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "खोटं बोला असं कुठे म्हटलं होतं?"

ते पुढे म्हणाले, "काल घरी जाऊन त्याने पोराला तिकीट काढायला सांगितलं. चाळीस वर्षांत तो भोपाळच्या बाहेर दवाखान्याशिवाय गेला नाही. आता तिकडे येईल, बसेल, आणि कोणीतरी आधी ऐकलेला माणूस तिथे 'हाऽऽ' करेल. तुम्ही केलं नाही तरी तो करेल. तुम्हीच शिकवलंय त्यांना."

गाडी हलली तरी ते उभे होते. हात हलवला. मीही हलवला.

गाडीत मी तिघांना सगळं सांगितलं. फिरोजने घड्याळ काढून खिशात टाकलं. सुमित म्हणाला, "अरे, मग कार्यक्रम रद्द करू या ना." त्यावर मी हो म्हणणार होतो. किती सोपं होतं ते! हॉल मिळाला नाही, रोहिणी आजारी आहे, काहीही सांगता आलं असतं. एका खोट्यावर दुसरं चढवायचं, आणि गणेशजी तिकडे तिकीट परत करून, पुण्यात लोक थांबतात एवढं मनात धरून खूश राहिले असते. तीन आठवडे मी ह्याच विचारात काढले. तलाव तलाव करत.

त्या रात्री हॉलवरून निघताना गणेशजींनी मला सांगितलं होतं, ह्या सफरीबद्दल काही लिहिलंत तर पाठवा, इकडे मराठी वाचायला कमी मिळतं. म्हणून हे मासिकाला देण्याआधी पहिली प्रत त्यांनाच पाठवतो आहे. वाचकहो, तुम्हाला वाटेल की आता मी तुम्हाला विनंती करणार, येत्या कार्यक्रमात त्या जागी हसू नका म्हणून. करावीशी वाटते. पण तुम्हाला गप्प बसवून माझं खोटं खरं करून घ्यायचं, हा आणखी एक निर्लज्जपणा होईल.

गणेशजी, तुम्ही विचारलं होतं, पुण्यात त्या जागी लोक काय करतात. हसतात. आम्ही हसवतो म्हणून हसतात. ती कल्पना माझी, बाकी तिघांचा त्यात दोष नाही, आणि तुम्ही त्या जागेबद्दल माझे जे आभार मानलेत ते मी घ्यायला नको होते. हे वाचूनही आलात तर गाडी कितीही वाजता येवो, मी स्टेशनवर उभा असेन. नाही आलात, तर का आला नाहीत हे मी तुम्हाला विचारणार नाही.